एक तास पाच मिनिटं

“परत फिरव,” जयवंत म्हणाला.

मी किल्ली फिरवली. इंजिनातून ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि पॅनलवरचा लाल दिवा जवळजवळ विझला. किल्ली सोडली तसा तो पुन्हा लागला.

“अजून एकदा.”

“दादा, सारखी फिरवून काय होणा नाय. बघूक होया.”

“मग बघ ना! तुका बोटीर आणलाव कित्याक?”

मला बोटीवर त्यासाठीच आणलं होतं, हे खरं. देवगड बंदरातल्या बोटींचं वायरिंग करायला लागून मला तेव्हा चार वर्षं झाली होती, पण ती सगळी उस्तादाच्या हाताखाली. एकट्याने हातात घेतलेली ही पहिलीच बोट. मोतीकाका कुबलांची ‘सातेरीप्रसाद’. इंजिन उतरवून पुरतं खोललं होतं, वायरिंग सगळं नवीन. म्हणून हंगामाच्या पहिल्या खेपेला वायरमनने सोबत असावं, असं काकांनीच ठरवलं होतं. बोटीवर आम्ही पाच जण. मालक आणि तांडेल मोतीकाका, त्यांचा धाकटा भाऊ जयवंत, दोन खलाशी आणि मी. खेपेचा तिसरा दिवस होता, किनाऱ्यापासून दोन तासांच्या वाटेवर होतो. आभाळ मोकळं होतं, वाराही फारसा नव्हता. तांडेलाच्या केबिनमधल्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते. वेळा मला नक्की आठवतात, कारण नंतर डॉक्टरांनी विचारल्या आणि मी त्या कागदावर उतरवून काढल्या.

मोतीकाका इंजिनच्या खणाच्या तोंडाशी, जाळ्यांच्या ढिगावर पाठ टेकून बसले होते. उजव्या हाताला लुंगीची चिंधी गुंडाळलेली. तिच्यावर रक्त म्हणावं तर दोन थेंब.

साडेनऊला जाळं वर आलं, तेव्हा मासळीत एक पट्ट्यांचा साप होता. त्यात नवल नव्हतं. दर्यातला साप मारायचा नाही, शेपटीला धरून परत पाण्यात सोडायचा, अशी आमच्याकडची रीत. काकांनी तो तसाच उचलला. तीस वर्षं उचलत होते. या वेळी तो वळला आणि अंगठ्याच्या बेचक्यात चावला.

“सोडलंस काय तेका?” जयवंतने विचारलं.

“सोडलंय. माका चावून तोच मरतलो बिचारो.”

सगळे हसलो. लवू खलाशी म्हणाला, “दर वर्साक कोणाक तरी चावता. काय होणा नाय.” तेही खोटं नव्हतं. बंदरावर असे चावलेले कितीतरी लोक हिंडत होते. बहुतेक वेळा साप नुसता दात लावतो, विष सोडत नाही. काकांनी चिंधी बांधली आणि ते मासळी निवडायला बसले.

दहा वाजून गेल्यावर ते म्हणाले, मान धरल्यासारखी वाटते. मग मांड्या दुखायला लागल्या. ताप येताना अंग मोडून येतं तसं. जयवंतने त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि बोट वळवायला सांगितली. वळवण्याच्या घाईत जाळ्याचा दोर बोटीखालच्या पंख्यात गेला. इंजिन बंद करावं लागलं. लवूने कोयता घेऊन बुडी मारली, दोन, तीन, पाच वेळा. दोर कापून तो वर आला आणि आम्ही किल्ली फिरवली.

टक्.

वायरलेसवरून जयवंतने हाका घातल्या. सगळ्यात जवळची बोट दीड तासावर होती, आणि तिचं जाळं पाण्यात होतं. “ओढून घेतंव नि येतंव,” पलीकडून कुणीतरी म्हणालं. मोबाईलला तिथे रेंज नव्हती.

“तू बॅटऱ्या बघ,” जयवंतने टॉर्च पेटवून माझ्यावर धरला. मी खणात उतरलो.

खणात इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम माणूस बसेल एवढी जागा. डिझेलचा आणि ताज्या ऑईल पेंटचा वास. सगळं इंजिन नवं हिरवंगार रंगवलेलं, वर हळदीकुंकवाची बोटं, एका पाइपाला झेंडूची सुकलेली माळ.

आधी बॅटऱ्या. दोन्ही नव्या. मीटर लावला, पंचवीसच्या वर व्होल्ट दाखवत होता. टर्मिनल हलवून पाहिले, घट्ट होते.

“किल्ली फिरव!” मी वर ओरडलो.

टक्. मीटरचा आकडा हलला नाही.

“काय झाला?” जयवंत.

“बॅटऱ्या बऱ्या आसत.”

“मग?”

“सेल्फ बघतंय.”

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देऊन फिरवणारी मोटर. तिच्या डोक्यावर दोन जाड बोल्ट असतात. मोठा स्क्रूड्रायव्हर त्या दोन्हींवर आडवा टेकवला, तर किल्लीची वाट न बघता करंट सरळ मोटरीत जातो. मी टेकवला. धडाड्कन ठिणगी उडायला हवी होती. नुसती एक काजव्याएवढी ठिणगी आली. मोटर हलली नाही. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

वरून काकांचा आवाज आला. “केसरी, जमात मा रे?”

माझं नाव केसरीनाथ. ते मला लहानपणापासून केसरी म्हणायचे.

“जमात काका. सेल्फचे कार्बन गेले असतीत. खोलून बघतंय.”

“खोल खोल,” जयवंत म्हणाला. “पण हात चालव.”

मी सेल्फ उतरवायला घेतला. तीन बोल्ट, त्यातला एक इंजिनाच्या आतल्या अंगाला, जिथे पाना अर्धा वळसासुद्धा फिरत नाही. जयवंत टॉर्च धरून ओणवा झाला होता, त्याचा घाम माझ्या मानेवर पडत होता. बोट आडव्या लाटेवर डुलत होती. सोडवलेला एक बोल्ट माझ्या हातातून निसटून बिल्जच्या, बोटीच्या तळाशी साचलेल्या, काळ्या पाण्यात पडला. तो चाचपून काढण्यात तीन-चार मिनिटं गेली.

“तुझो उस्ताद येवक होयो होतो,” जयवंत दात खाऊन म्हणाला. मग लगेच, “नाय रे, तू कर. कर तू.”

वर लवू काकांना पाणी पाजत होता. “काका, गिळा ना.” पाणी हनुवटीवरून खाली आल्याचं मला खणातून दिसलं. काकांच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. झोप आल्यासारख्या, पण ते झोपले नव्हते. त्या अर्ध्या डोळ्यांनी ते खाली माझ्या हातांकडे बघत होते.

सेल्फ बाहेर निघाला. मी त्याचं मागचं झाकण उघडलं. मोटरीला करंट पोचवणारे ते कार्बनचे तुकडे नवे होते. असणारच, मीच तीन आठवड्यांपूर्वी बसवले होते. चाक मोकळं फिरत होतं. कुठे जळल्याचा वास नाही.

“काय?” जयवंतने विचारलं.

“बरो आसा.”

“बरो आसा म्हणजे काय? मग फिरना कित्याक नाय?”

मी सेल्फ परत जागेवर बसवला. तिन्ही बोल्ट आवळले. किल्ली. टक्. अकरा पस्तीस.

जयवंत खाली बसला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग एकदम उठून इंजिनाला लाथ घातली. एवढा मोठा माणूस रडायला लागला.

“केसरी.” काकांचा आवाज होता. जबडा नीट उघडत नव्हता, शब्द दातांतून येत होते, पण स्पष्ट होते. “हय ये.”

मी खणाच्या शिडीवर दोन पायऱ्या चढलो. माझं तोंड त्यांच्या पायांशी आलं.

“खालची वायर बघ. अर्थिंगची. रंगाखाली.”

मी मान वळवून इंजिनाच्या पुढच्या पायाकडे पाहिलं.

“मीच घासूक दिलंय नाय तुका.” ते थांबले. श्वास घेतला. तो घेताना खांदे वर उचलावे लागत होते. “हिराक सांग. तिचा ऐकूक होया होता.”

त्यानंतर ते बोलले नाहीत.

मी खाली गेलो. जयवंत शिडीपासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात होता. त्याने ऐकलं नव्हतं. अर्थिंगची वायर इंजिनाच्या खालच्या अंगाला, पुढच्या पायाजवळ होती. मी बोल्ट सैल केला. एका पान्याचं काम. वायरचं टोक बाजूला केलं तर त्याच्याखाली हिरवा रंग, मधोमध जळून काळा पडलेला. कानशीने तो घासला. आतलं लोखंड पांढरं लखलखीत होईपर्यंत. बोल्टही घासला, वायर बसवली, आवळली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

अकरा पन्नासला इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं.

जयवंतने मला मिठी मारली. खलाशी ओरडले. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. आवाज त्यांना ऐकू गेला असणार. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की या विषाने माणूस हलत नाही, बोलत नाही, पण शेवटपर्यंत त्याला सगळं कळत असतं.

एक चाळीसला जेटीला लागलो. हिराकाकी, मोतीकाकांची बायको, तिथे आधीच उभी होती. वायरलेसवरचा निरोप तिला कुणीतरी पोचवला होता. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मनगट धरूनच पहिला प्रश्न विचारला, “चावून किती वेळ झाला?”

“साडेचार तास,” मी म्हणालो.

“इतका?”

“इंजिन बंद पडलं होतं.”

श्वास देणारं मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. जीपमध्ये काकांचं डोकं काकीच्या मांडीवर होतं. मी पुढे बसलो होतो. घाटी चढून वर आल्यावर एका वळणावर काकीने ड्रायव्हरला सांगितलं, “थांबव.” तिने ते इतकं हळू सांगितलं, की तो लगेच थांबला. तीन पंचावन्न.

आता त्या रंगाबद्दल सांगायला हवं.

कुबलांच्या घरची एक पद्धत आहे. हंगामाआधी इंजिनाला नवा रंग द्यायचा, बोट पाण्यात लोटायच्या दिवशी त्याची पूजा करायची, आणि पहिल्या खेपेची मासळी किनाऱ्याला लागेपर्यंत त्या रंगावर ओरखडा येऊ द्यायचा नाही. रंग आदल्या संध्याकाळी दिला होता. रंगाला अडथळा नको म्हणून अर्थिंगची वायर मी सोडून ठेवली होती. सकाळी यायला मला उशीर झाला. पोचलो तर पूजा झालेली. मी कानस काढली. बॅटरीतून निघालेला करंट इंजिनाच्या लोखंडातून याच वायरने परत जातो, तिथे मध्ये रंग चालत नाही. हे आमच्या कामातलं पहिल्या दिवशी शिकवायचं.

“ता काय करतंस?” मोतीकाका म्हणाले. मी सांगितलं. ते म्हणाले, “आज नको. आवळून ठेव. परत इल्यावर घास काय ता.”

हिराकाकी आरतीचं ताट घेऊन उभी होती. “घासू दी ना ओ तेका,” ती म्हणाली. “तेचा काम तेका म्हायत. मी परत कुंकू लावतंय.”

“तुका काय कळता इंजिनातला?” काका म्हणाले. चार माणसं हसली.

मग काकीने मला विचारलं. काकांना नाही, मला. “केसरी, चलात काय रे तसा?”

माझी पहिली बोट होती. सगळे खोळंबले होते, बोट लोटायला वीस माणसं दोरांना धरून उभी होती. मी म्हणालो, “चलात काकी. काय होणा नाय.”

बोल्टाच्या आट्यांमधून थोडा करंट जात राहिला. दोन दिवस इंजिन बिनतक्रार सुरू झालं. तिसऱ्या दिवशी नाही.

पण मी लिहायला बसलो आहे ते यासाठी नाही. दहा बावन्नला किल्ली फिरवल्यावर मीटरचा आकडा हलला नाही, तेव्हाच मला कळलं होतं. सेल्फ बॅटरीतून करंट खेचतो तेव्हा आकडा खाली यायलाच हवा. तो येत नाही म्हणजे करंट वाहतच नाही, वाट कुठेतरी तुटली आहे. आणि वाट कुठे तुटली असेल, हे त्या बोटीवर माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? काकांना होतं, पण त्या अवस्थेत ते त्यांच्या ध्यानात असेल असं मला वाटलं नव्हतं. एक जादा वायर बॅटरीपासून इंजिनाला नुसती टेकवली असती तरी एका मिनिटात खात्री झाली असती. वायर माझ्या पिशवीत होती. मी सेल्फ खोलायला घेतला. जयवंत माझ्या डोक्यावर टॉर्च धरून होता, काका पाच फुटांवर होते, आणि मला दोष दुसरीकडे कुठेतरी सापडायला हवा होता. बॅटरी, मग सेल्फ, मग अर्थिंग. कुठल्याही वायरमनला विचारा, क्रम चुकीचा म्हणणार नाही.

डॉक्टरांना मी पुढे एकदा गाठून विचारलं. तास-सव्वा तास आधी पोचलो असतो तर?

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित पडला असता.”

काका गेल्याच्या तिसऱ्या दिवशी काकीने मला घरात बोलावून घेतलं. ती भिंतीला टेकून बसली होती. “तू थंय होतंस,” ती म्हणाली. “शेवटाक काय बोललो तो?”

तिच्या नवऱ्याचा निरोप माझ्याकडे होता. शब्दन् शब्द. पण तो सांगितला की ती विचारणार होती, कशाचं ऐकायला हवं होतं? मग रंग येणार होता, माझं ‘चलात’ येणार होतं, आणि मग कुणीतरी विचारलंच असतं की इतकं साधं होतं तर इतका वेळ का लागला. जयवंत बाहेर ओटीवर लोकांना सांगत होता, “ह्या पोरान बोट आणल्यान म्हणान आमका तेचा तोंड तरी बघूक मिळाला.”

“तुझा नाव घेतल्यानी,” मी म्हणालो. “म्हणाले, हिराक सांग, रडा नको.”

“असा म्हणालो?”

“होय.”

तिने पदराने डोळे पुसले. आणि खरोखरच ती रडली नाही. बाराव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. बायका समाचाराला यायच्या, त्यांना ती सांगायची, “माका रडा नको म्हणान सांगितल्यान हा.” धाकट्या मुलीचं लग्न झालं, मुलगी निघताना सगळा मांडव रडला. काकी दाराच्या चौकटीला धरून कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. तिचं तोंड मला अजून दिसतं. लोक म्हणायचे, काय छातीची बाई.

बोटीचं काम माझ्याकडेच राहिलं. जयवंत दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता.

अकरा वर्षांनी, हंगामाच्या तोंडावर, मी त्यांच्या ओटीवर चहा पीत बसलो होतो. काकी सुकट निवडत होती. जयवंतची बायको सुमन नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती. तिने नको म्हटलेलं असताना त्याने जुनी मोटरसायकल घेतली होती आणि ती वाटेत बंद पडली होती.

“सांगूक गेलंय तर म्हणतत, तुका काय कळता!”

काकी हसली. “गो बाय, ह्या घरातलो एक तरी पुरुष बायकोचा ऐकता काय? मी एकतीस वर्सां काढलंय. एकदा तरी म्हणूचा, हिरा, तुझा बरोबर होता! मरासर म्हणूक नाय.”

सुमन हसत आत गेली. काकीही हसत होती, हात सुकटीत चालू होते. मी कप खाली ठेवला.

“म्हणाले काकी,” मी म्हणालो.

“काय?”

“काका. बोटीर. म्हणाले, हिराक सांग, तिचा ऐकूक होया होता.”

तिचे हात थांबले. मग मी सगळं सांगितलं. रंगाखालची वायर, माझं ‘चलात’. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, सुपाकडे बघत होतो. माझं संपल्यावर तिने विचारलं,

“किती वाजता म्हणालो तो?”

“अकरा चाळीस.”

“आणि इंजिन चालू झाला?”

“अकरा पन्नासाक.”

“तू बघूक लागलंस कधी?”

“पावणेअकराक.”

तिला लिहिता-वाचता फारसं येत नसे, पण मासळीचा हिशेब ती तोंडी करायची. तिने मनात काय केलं ते मला दिसलं.

“तुका आधी म्हायत होता,” ती म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

“होय.”

“आणि रडा नको, ता?”

“ता मी सांगितलंय. ते म्हणूक नाय.”

मांजर सुपाशी आलं, तिने त्याला हाकललं नाही.

“परत सांग,” ती म्हणाली. “तो काय म्हणालो ता. तेवढाच.”

“हिराक सांग. तिचा ऐकूक होया होता.”

“आता जा.”

मी उठलो, चपला घातल्या, पायऱ्या उतरलो. अंगण ओलांडून फाटकाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला. सुमन आतून धावत बाहेर आली. “काय झाला गो? जाऊबाय, काय झाला?” तिला वाटलं, काकी पडली. काकी पडली नव्हती. ती तिथेच बसून होती आणि मोठ्याने रडत होती. शेजारच्या दोन घरांतली माणसं अंगणाच्या दगडी गडग्याशी येऊन उभी राहिली.

मी फाटक ओढून घेतलं. त्या हंगामापासून कुबलांच्या बोटीचं काम विजयदुर्गचा एक मुलगा करतो.